पेपर मांडून होतो, चर्चा मात्र होत नाही: जर्नल क्लबमधल्या शांततेचं काय करायचं?

दर शुक्रवारी दुपारी तीनला आमच्या विभागात जर्नल क्लब असतो, म्हणजे छापून आलेला एखादा शोधनिबंध (आमच्या भाषेत ‘पेपर’) वाचून त्यावर मिळून बोलायची बैठक. सुरुवातीला तिथलं चित्र असं होतं: एक विद्यार्थी पेपर मांडतो. चाळीस-पंचेचाळीस स्लाइड, पन्नास मिनिटं, शेवटी आभाराची स्लाइड आणि मग ‘एनी क्वेश्चन्स?’ खोलीत पंधरा-वीस जण असतात आणि एकही जण तोंड उघडत नाही. फक्त पंख्याचा आवाज. शेवटी एखादे सर सांभाळून घेतात, एक प्रश्न विचारतात, मांडणारा कसंबसं उत्तर देतो, टाळ्या होतात आणि सगळे चहाला जातात. पुढच्या शुक्रवारी मांडणारा वेगळा, पेपर वेगळा, शांतता तीच.

हा क्लब मी गेली सात वर्षं चालवते. पहिली दोन वर्षं मी मुलांना दर वेळी ‘अरे, विचारा की काहीतरी’ असं सांगत राहिले. काडीचाही फरक पडला नाही. ही शांतता आदल्या आठवड्यातच तयार झालेली असते, हे कळायला तिसरं वर्ष उजाडावं लागलं. पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असाल आणि पेपर मांडायची पाळी जवळ आली असेल, किंवा नव्यानेच असा क्लब गळ्यात पडला असेल, तर आमच्याकडे काय काय करून पाहिलं आणि कशाने गुण आला ते खाली लिहिते आहे. उदाहरणं जीवशास्त्रातली आहेत, कारण माझा विषय तो आहे.

आधी बघा, शांतता कसली आहे

वरून सगळ्या शांतता सारख्याच दिसतात, पण कारणं वेगळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. ओळखायची एक सोपी युक्ती आहे. ‘प्रश्न आहेत का’ हे विचारूच नका. पेपरातली एखादी फिगर, म्हणजे निकालाची आकृती किंवा आलेख, पडद्यावर आणा आणि कुणालाही विचारा, ‘इथे आडव्या अक्षावर काय मोजलंय?’

समोरचा गोंधळून कागद चाळायला लागला तर पेपर वाचलेला नाही. त्याने बरोबर सांगितलं, पण ‘मग यावरून तुला काय वाटतं?’ म्हटल्यावर मान खाली घातली, तर त्याला बोलायची भीती आहे. आणि त्याने बरोबर सांगितलं, मतही दिलं, पण ते मांडणाऱ्याच्या स्लाइडवरचंच वाक्य असेल, तर मांडणाऱ्याने विचार करायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही. आमच्याकडे तिन्ही प्रकार होते. सगळ्यांत जास्त तिसरा.

पेपर वाचलेलाच नसेल तर

गुरुवारी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ येते. बारा पानांचा पेपर आणि त्यामागे तीस-चाळीस पानांची पुरवणी. दिवसभर प्रयोगशाळेत उभा राहिलेला मुलगा ती वाचणार नाही, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

आम्ही दोन गोष्टी बदलल्या. पेपर बरोबर एक आठवडा आधी जातो, आणि त्यातली एकच फिगर ‘ही वाचूनच यायची’ अशी ठरवून दिली जाते. बाकीचा पेपर जमला तर वाचा. येताना प्रत्येकाने त्या फिगरबद्दलचा एक प्रश्न हाताने चिठ्ठीवर लिहून आणायचा. चिठ्ठ्या दारातच एका खोक्यात पडतात. नाव लिहायचं नाही, गुण नाहीत. गुण ठेवून पाहिले तेव्हा मुलं गूगलवरचे गुळगुळीत प्रश्न आणू लागली, म्हणून ते बंद केले.

पूर्वी पेपर हाती लागणं हाच अर्धा त्रास होता. ओळखीतून, लेखकाला मेल करून, दुसऱ्या संस्थेतल्या मित्राकडून मागून घ्यायचा. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली आणि सरकारी विद्यापीठांतल्या मुलांना बऱ्याच मोठ्या प्रकाशकांची नियतकालिकं थेट उघडता येऊ लागली. जर्नल क्लबची कल्पनाही याच अडचणीतून आली आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात विल्यम ऑस्लर या डॉक्टरांनी १८७५ मध्ये असा क्लब सुरू केला तो महागडी नियतकालिकं सगळ्यांनी मिळून घ्यावीत आणि वाचावीत म्हणून. त्यांची अडचण पैशाची होती. आपली आता बहुतेक वेळा झोपेची आहे, म्हणूनच वाचायचं ओझं एका फिगरवर आणणं मला गरजेचं वाटतं.

सगळं आधीच सांगून टाकलं असेल तर

खरा रोग हा आहे, म्हणून इथे जरा थांबते.

मुलं पेपर कसा मांडतात बघा. प्रास्ताविक, पद्धत, निकाल एक, निकाल दोन, निकाल तीन, निष्कर्ष. लेखकांनी ज्या क्रमाने छापलं त्याच क्रमाने. फिगर पडद्यावर येते तीच निष्कर्ष डोक्यावर घेऊन: ‘यावरून असं सिद्ध होतं की...’ ऐकणाऱ्याने करायचं ते काम मांडणाऱ्याने आधीच उरकलेलं असतं. शिजवून, भरवून, तोंडही पुसून झालं. मग त्याने विचारायचं काय?

यावर आमचा एकच नियम आहे: निकालाच्या आधी थांबायचं. प्रयोग सांगा, लेखकांसमोर कोणकोणत्या शक्यता होत्या त्या सांगा, आणि फिगर दाखवण्याआधी खोलीला विचारा की प्रत्येक शक्यतेत काय दिसायला हवं. कागदावर काढू द्या. मगच फिगर उघडा.

दर वर्षी नव्या तुकडीला याचा सराव एकाच जुन्या पेपरावर देते: मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांचा १९५८ चा. डीएनएची प्रत कशी तयार होते, हा प्रश्न. बारावीपासून सगळ्यांना उत्तर पाठ आहे, आणि नेमका म्हणूनच हा पेपर सरावाला चांगला. उत्तर माहीत असूनही पुरावा वाचता येत नाही, हे मुलांना त्यात लख्ख दिसतं.

प्रयोग थोडक्यात असा. ई. कोलाय जिवाणू जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन-१५ वर, चौदा पिढ्या वाढवले, म्हणजे त्यांचा सगळा डीएनए जड झाला. मग एकदम साधा नायट्रोजन-१४ भरपूर घातला. पुढे ठरावीक वेळाने नमुने काढले आणि सीझियम क्लोराइड या क्षाराच्या द्रावणात अतिवेगाने फिरवले. डीएनए आपापल्या घनतेप्रमाणे द्रावणात थांबतो, त्याची पट्टी दिसते.

इथे मांडणाऱ्याने थांबायचं. फळ्यावर तीन शक्यता लिहायच्या. एक, जुना रेणू जसाच्या तसा राहतो आणि नवा पूर्ण वेगळा बनतो. दोन, प्रत्येक नव्या रेणूत अर्धा जुना, अर्धा नवा. तीन, जुने तुकडे सगळीकडे विखुरले जातात. आणि विचारायचं: पहिल्या पिढीनंतर पट्ट्या किती आणि कुठे? दुसऱ्या पिढीनंतर?

पाच मिनिटं द्या. खोली बदललेली दिसेल. कुणीतरी म्हणतं, पहिल्या शक्यतेत दोन पट्ट्या हव्यात, एक जड, एक हलकी. मग शेजारचा म्हणतो, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या शक्यतेत पहिल्या पिढीनंतर एकच मधली पट्टी येणार, मग या दोघांत फरक कसा करायचा? बस, आता चर्चा सुरू झाली. दोघांना वेगळं करायला दुसरी पिढी लागते, हे खोलीने स्वतः शोधून काढलेलं असतं. त्यानंतर फिगर उघडा. पहिल्या पिढीला एक मधली पट्टी: पहिली शक्यता गेली. दुसऱ्या पिढीच्या सुमाराला मधली आणि हलकी, दोन जवळपास सारख्या पट्ट्या: तिसरीही गेली. मुलांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं ते पन्नास स्लाइडच्या कुठल्याही सादरीकरणात मी पाहिलेलं नाही.

आणखी एक प्रश्न या पेपरावर हटकून विचारायचा: लेखकांनी काय म्हटलं नाही? त्यांनी दाखवलं की डीएनएचा नायट्रोजन दोन समान भागांत विभागलेला असतो आणि हे भाग पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहतात. हे भाग म्हणजेच दुहेरी सर्पिलातले दोन एकेरी धागे, असं मात्र आपण दाखवलेलं नाही, हे त्यांनी पेपरातच स्पष्ट लिहून ठेवलं. ती मधली पट्टी तापवून दोन वेगळे भाग मिळवल्यावरसुद्धा. पाठ्यपुस्तकात हा संयम उरत नाही. तो मुलांनी मूळ पेपरात स्वतः वाचावा, अशी माझी फार इच्छा असते.

तुमच्या पेपराला तीन सुबक शक्यता नसतील. बहुतेक पेपरांना नसतात. तरी प्रत्येक पेपरात एक तरी फिगर अशी असते की ती उलटी आली असती तर पेपर छापलाच गेला नसता. ती शोधा. मांडणाऱ्याचं खरं काम तेवढंच. ती सापडली की बाकीच्या अर्ध्या स्लाइड बिनदिक्कत काढून टाका. आमच्याकडे आता वीसच्या वर स्लाइड चालत नाहीत, आणि आभाराची स्लाइड नसतेच. शेवटची स्लाइड म्हणजे तीच महत्त्वाची फिगर, चर्चा संपेपर्यंत पडद्यावर.

तयारी करताना एक बारीक गोष्ट तपासून घ्या, कारण मांडणारे नेमके इथे अडकतात: आलेखावरच्या एरर बार, म्हणजे प्रत्येक आकड्याच्या वर-खाली काढलेल्या दांड्या, कशाच्या आहेत? स्टँडर्ड डेव्हिएशनच्या (नमुने एकमेकांपासून किती विखुरलेत) की स्टँडर्ड एररच्या (काढलेली सरासरी किती इकडे-तिकडे असू शकते)? स्टँडर्ड एरर म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले नमुन्यांच्या संख्येचं वर्गमूळ. नऊ नमुने असतील तर तीच दांडी एक तृतीयांश होते आणि आलेख उगाच देखणा दिसतो. फिगरखालच्या मजकुरात हे लिहिलेलं असतं, आणि नसेल तर तुमचा चर्चेचा पहिला प्रश्न तयार आहे.

बोलायची भीती असेल तर

आमच्याकडे एक मुलगी होती. तालुक्याच्या कॉलेजातून बीएस्सी, मग एमएस्सी, नेट उत्तीर्ण. तिची प्रयोगवही मी पाहिली आहे, इतकी नेटकी वही फार थोड्यांची असते. वर्षभर ती जर्नल क्लबमध्ये एक शब्द बोलली नाही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, ‘मॅडम, प्रश्न मनात येतो, पण त्याचं इंग्रजी जुळवेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते.’

हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण मी स्वतः तशीच बसलेले होते, आणि तरी सात वर्षांतली पहिली तीन मी हे इतरांच्या बाबतीत ओळखलं नाही. आपण शांततेचा अर्थ ‘अभ्यास नाही’ असा लावतो. पुष्कळदा ती भाषेची शांतता असते.

तेव्हापासून फिगर उघडण्याआधीची पाच मिनिटं जोडी-जोडीने बोलायची, आणि ती कुठल्याही भाषेत. मराठी, हिंदी, मोडकंतोडकं इंग्रजी, काहीही. मग जोडीतल्या एकाने दोघांचं म्हणणं सांगायचं. ‘आम्हाला असं वाटतं’ म्हणताना ‘मला’पेक्षा धीर जास्त असतो. सगळ्यांसमोरसुद्धा मराठीत विचारलं तर चालतं. आमच्याकडे केरळची आणि बंगालची मुलं आहेत, त्यामुळे एक पथ्य पाळावंच लागतं: कुणी मराठीत बोललं की शेजारी बसलेल्याने ते तिथल्या तिथे इंग्रजीत सांगायचं. हे काम विचारणाऱ्यावर टाकायचं नाही, नाहीतर तो पुन्हा गप्प बसतो. शोधनिबंध इंग्रजीतच लिहायचा आहे आणि परिषदेत इंग्रजीतच बोलायचं आहे, हे मला मान्य आहे. ते शिकायला लागतं. पण विचार करायला शिकणं त्याच्या आधी येतं, आणि ते ज्या भाषेत होत असेल त्या भाषेत होऊ द्यावं.

भीतीचं दुसरं कारण आम्ही शिक्षकच आहोत. सर बोलले की विषय संपतो. वरिष्ठ प्राध्यापकाने पहिलाच प्रश्न विचारला तर तो परीक्षेसारखा वाटतो, आणि नंतर विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यापुढे फिका. म्हणून आम्ही ठरवलं: चर्चेची पहिली वीस मिनिटं शिक्षकांनी बोलायचं नाही. हे ज्येष्ठ सहकाऱ्यांना सांगणं अवघड होतं. मी मेल केला नाही. प्रत्येकाच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की सर, तुमचे प्रश्न हवेच आहेत, पण एकविसाव्या मिनिटाला. एक जण थोडे नाराज झाले, नंतर तेच घड्याळ लावून बसायला लागले. क्लब तुम्ही विद्यार्थीच चालवत असाल तर हे थेट सांगू नका, तुमच्या गाइडमार्फत सांगा.

आणि थांबायला शिका. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी शाळांतल्या तासांचा अभ्यास केला होता. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद वाचायला काहीच वाटत नाहीत. खोलीसमोर उभं राहून गप्प थांबताना मात्र ते संपता संपत नाहीत. मी मनात दहापर्यंत मोजते. आठ-नऊला कुणीतरी बोलतंच.

उलटा त्रास: चर्चा होते, पण नुसती तोडफोड

शांतता फुटली की कधी कधी हे होतं. प्रत्येक पेपरावर तीच तीन वाक्यं: नमुने कमी आहेत, कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) नीट नाहीत, निष्कर्ष फुगवलाय. बोलणाऱ्याला वाटतं आपण चिकित्सा करतोय. पण जी टीका कुठल्याही पेपराला लागू होते ती या पेपराबद्दल काहीच सांगत नाही.

यासाठी आर्सेनिकच्या जिवाणूचा पेपर काढते. डिसेंबर २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने प्रसिद्ध केलेला, नासाने पत्रकार परिषद घेऊन जाहीर केलेला. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू, जीएफएजे-१, फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरून वाढू शकतो, अगदी डीएनएमध्येसुद्धा, असा दावा. आता सगळ्यांना माहीत आहे की तो टिकला नाही, त्यामुळे मुलं सुरुवातीलाच तुटून पडतात. तेव्हा मी म्हणते, ‘चूक आहे’ म्हणायला बंदी. फक्त एवढं सांगा: तुमच्या हातात एकच प्रयोग असेल तर कुठला कराल, आणि कुठला निकाल आला तर लेखकांचं म्हणणं मान्य कराल?

आता वाचावं लागतं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की जिवाणू वाढवायच्या ‘फॉस्फेट नाही’ म्हटलेल्या द्रावणातसुद्धा क्षारांतून आलेलं थोडं फॉस्फेट होतंच, आणि लेखकांनी ते मोजून लिहिलंही होतं. जिवाणू तेवढ्यावर भागवत असेल तर? दुसरा म्हणतो, डीएनएबरोबर सापडलेलं आर्सेनिक डीएनएमध्ये आहे की त्याला नुसतं चिकटलेलं? म्हणजे डीएनए नीट स्वच्छ करून पुन्हा मोजायला हवा. नेमकं हेच पुढे झालं. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनए शुद्ध करून तपासला, त्यात जोडलेलं आर्सेनिक सापडलं नाही, आणि २०१२ मध्ये ‘सायन्स’मध्येच तो पेपर आला. शुद्ध करायला त्यांनी वापरलं तेच सीझियम क्लोराइडमध्ये फिरवण्याचं तंत्र. हे सांगितलं की पहिल्या आठवड्यातला पेपर आठवून मुलं एकमेकांकडे बघतात. मूळ पेपर ‘सायन्स’ने २०२५ च्या जुलैमध्ये मागे घेतला. लेखकांना ते मान्य नव्हतं. त्यावर चर्चा कधीच वेळेत संपत नाही, आणि मी ती थांबवतही नाही.

एकच जण सतत बोलत असेल तर त्याला गप्प करू नका, त्याला फळ्यावर लिहायला उभं करा. इतरांचे मुद्दे लिहिताना तो ऐकायला लागतो.

उत्तर येत नसेल तर

मांडणाऱ्यांना सगळ्यांत जास्त धास्ती याचीच असते. उत्तर येत नाही म्हणून ते काहीतरी जुळवून सांगतात, विचारणारा समजल्यासारखी मान हलवतो आणि प्रश्न तिथेच मरतो. आमच्या फळ्याचा उजवा कोपरा अशा प्रश्नांसाठी राखलेला आहे. ‘मला माहीत नाही, लिहून ठेवतो’ म्हणायचं आणि लिहायचं. पुढच्या शुक्रवारची पहिली पाच मिनिटं त्या कोपऱ्याची.

वर जिच्याबद्दल लिहिलं त्या मुलीने तोंड उघडलं ते मेसेलसन-स्टालच्या पेपरावरच. चर्चा संपत आली होती. फिगरमध्ये खाली दोन नमुने असे आहेत की त्यांत सुरुवातीचा जड डीएनए नंतरच्या पिढीच्या डीएनएमध्ये मुद्दाम मिसळलेला आहे. तिने मराठीत विचारलं, ‘वेगवेगळे फिरवून पट्ट्या दिसल्याच होत्या ना? मग शेवटी हे दोन मिसळून फिरवायची काय गरज होती?’ इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मांडणाऱ्या मुलाला उत्तर आलं नाही. त्याने ते सरळ सांगितलं आणि कोपऱ्यात लिहिलं.

पुढच्या शुक्रवारी तो पेपर पुन्हा वाचून आला. वेगवेगळ्या वेळी फिरवलेल्या नमुन्यांतल्या पट्ट्यांची जागा नुसत्या नजरेने जुळवणं धोक्याचं, म्हणाला. जड, मधली आणि हलकी, तिन्ही पट्ट्या एकाच द्रावणात, एकाच वेळी असतील तरच मधली पट्टी खरोखर मध्यावर आहे का ते मोजता येतं. लेखकांनी ते मोजलं होतं: जड आणि हलक्या पट्टीतल्या अंतराच्या ५० टक्क्यांवर, दोन टक्के इकडे-तिकडे. ‘म्हणजे ताई,’ तो तिच्याकडे वळून म्हणाला, ‘ते दोन नमुने नसते तर अर्धा जुना, अर्धा नवा हे नुसतं डोळ्यांनी ठरवल्यासारखं झालं असतं.’ तिने लगेच विचारलं, ‘मग मधल्या पट्टीची रुंदी किती होती?’ आणि तो पुन्हा फळ्याच्या कोपऱ्याकडे गेला.